अंगवळणी पडायला काय लागतं?

गटातल्या सगळ्या ताई, मावश्या, आज्या, आणि आत्ता चुलीपुढं बसून कान इकडे ठेवणाऱ्या पोरी, सगळ्यांना आमचा नमस्कार. भाकरी टाकत असाल तर टाकत राहा. भाकरीचं काम पुढं बोलण्यात येणारच आहे.

आज आम्ही कर्जाचा हप्ता, व्याज, बँकेची कागदपत्रं यांतलं काही बोलणार नाही. आज बोलायचंय पोरींच्या मैदानाबद्दल. विषय गटाच्या बैठकीतच निघाला, म्हणून तो गटापुढंच मांडतोय.

आमच्या भागातल्या काही पोरी रोज संध्याकाळी शाळेच्या मैदानावर जातात. काही खो-खो खेळतात, काही पोलीस शिपाई भरतीची तयारी करतात. भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. पोरींना ८०० मीटर धावायचं, १०० मीटर धावायचं आणि ४ किलोचा गोळा फेकायचा. मैदानात गुण कमी पडले की लेखी परीक्षेपर्यंत पोचताच येत नाही. अभ्यास कितीही झालेला असो, गोळा अलीकडे पडला की सगळं तिथंच थांबतं.

दिवाळीनंतरच्या बैठकीत गटातल्या एक काकू उठल्या. त्यांची लेक भरतीला उतरली होती आणि गोळ्यात थोडक्यात हुकली. काकू म्हणाल्या, "आता बास झालं. सालभर पोरगी गोळा टाकतीय. रविवारी शिबिरात रेघेच्या पार जातोय, आणि ऐन वेळेला हात गळाला. खेळ आपल्या घराण्यातच न्हाई. स्थळ आलंय, उरकून टाकू." बैठक गप्प झाली. लेक मागं दाराशी उभी होती. तीही काही बोलली नाही.

आम्हालाही त्या दिवशी उत्तर देता आलं नाही. पण एक प्रश्न मनात राहिला. रविवारी ज्या हाताला जमलं, त्याच हाताला आठ दिवसांनी का जमू नये? पोरीत काही कमी होतं, की सरावाच्या पद्धतीत? आमच्यापैकी एकीला बी.ए.ला मानसशास्त्र होतं. तिथून धागा धरून आम्ही वाचत गेलो, विचारत गेलो. तेव्हा कळलं, की हाताला वळण कसं लागतं यावर शास्त्रज्ञांनी पन्नास वर्षांहून जास्त काळ प्रयोग केले आहेत. पुस्तकात त्याला कारक कौशल्य शिकणं म्हणतात. आपल्या भाषेत त्याला फार चांगला शब्द आहे, अंगवळणी पडणं. डोक्याला कळलं म्हणजे अंगाला वळण लागलं असं नाही. वळण लागायला वेगळंच काही लागतं.

या सगळ्या प्रयोगांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढं येते, ती आधी सांगतो. सराव करताना जे दिसतं ते वेगळं, आणि अंगात जे मुरतं ते वेगळं. रविवारी चार तास गोळा फेकल्यावर शेवटच्या फेकी चांगल्या जाणारच, कारण हात तापलेला असतो, तीच हालचाल नुकतीच शंभरदा झालेली असते. म्हणून शास्त्रज्ञ सरावाच्या दिवशीचं बघून ठरवत नाहीत. ते शिकणाऱ्याला घरी पाठवतात, एक दिवस, आठवडा, कधी महिनाभर मध्ये जाऊ देतात, आणि मग पुन्हा बोलावून तपासतात. तेव्हा जे उरलं असेल तेच शिकलेलं. भरतीच्या मैदानावरही हेच होतं. तिथं कुणी शंभर फेकींचा सराव करू देत नाही.

आता एकेक प्रयोग सांगतो.

पहिला प्रयोग इंग्लंडातल्या पोस्टातल्या लोकांवर झाला. पोस्टमन मंडळींना टंकलेखनाचा कळफलक शिकवायचा होता. ॲलन बॅडले आणि लाँगमन या दोघांनी त्यांचे चार गट केले आणि १९७८ साली निष्कर्ष छापले. एक गट दिवसाला एकच तास शिकायचा. दोन गट दिवसाला दोन तास, कुणी सलग तर कुणी दोनदा करून. चौथा गट दिवसाला चार तास, दोन-दोन तासांच्या दोन बैठकांत. कुणाला कळफलक कमी तासांत आला असेल? दिवसाला एकच तास बसणाऱ्यांना. चार तास बसणाऱ्यांना तेवढंच शिकायला सगळ्यांत जास्त तास लागले.

पण यातली खरी गंमत पुढं आहे. गटांना विचारलं, की तुमची शिकण्याची पद्धत तुम्हाला आवडली का? तेव्हा सगळ्यांत नाराज निघाला तो एक तासवाला गट. त्यांना वाटत होतं, आपण मागं पडलोय. चार तासवाल्यांचे दिवस भराभर संपत होते आणि यांचे लांबत होते. म्हणजे ज्यांच्या प्रत्येक तासाला जास्त फळ मिळत होतं, त्यांनाच आपलं काही होत नाही असं वाटत होतं.

मैत्रिणींनो, ही गोष्ट आपल्याला समजायला अवघड नाही. वर्षाकाठी एकदम मोठी रक्कम भरू, असं म्हणून कुठला गट चालला? दर आठवड्याचा हप्ताच गट उभा करतो. पोरींचा सरावही तसाच आहे. रविवारचं चार तासांचं शिबिर वाईट नाही, पण त्याच्या भरवशावर आठवडाभर मैदान सोडलं तर फार थोडं उरतं. तेच चार तास चार दिवसांत वाटले तर जास्त टिकतात. आणि आपल्या पोरींना मिळून मिळून मिळतो तो एक तासच. आजवर आम्हीही म्हणायचो, एका तासात काय होणार? आता आम्हाला कळलंय की रोजचा तो तास मोलाचा आहे. तो कुणी मोडू नये एवढंच बघायचं.

दुसरी गोष्ट, एकच एक घोकायचं की आलटून पालटून करायचं? १९८६ साली अमेरिकेत गूड आणि मॅगिल या संशोधकांनी बॅडमिंटनवर प्रयोग केला. खेळ नवीनच शिकणाऱ्या तरुण मुली घेतल्या. बॅडमिंटनमध्ये फूल मारून डाव सुरू करायच्या तीन तऱ्हा त्यांना शिकवल्या, एक जवळ टाकायची, एक लांब टाकायची, एक सपाट जोरात मारायची. काही मुलींनी एका दिवशी एकच तऱ्हा घोटली. काही मुलींनी तिन्ही मिसळून केल्या, पुढचा फटका कोणता येणार याचा नेमच नाही. नंतर तपासलं, तेव्हा मिसळून सराव केलेल्या मुली पुढं होत्या. मैदानाची बाजू बदलून मारायला लावलं, तेव्हाही त्याच पुढं होत्या.

१९९४ साली अशीच गोष्ट कॅलिफोर्नियातल्या कॉलेजच्या बेसबॉल खेळाडूंवर करून पाहिली. बेसबॉल म्हणजे क्रिकेटसारखाच, दांडूने चेंडू मारायचा खेळ. या खेळाडूंना सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, जादा सराव दिला. प्रत्येक वेळी ४५ चेंडू, तीन प्रकारचे, प्रत्येकी १५. एका गटाला आधी एका प्रकारचे १५, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या प्रकारचे. दुसऱ्या गटाला सगळे मिसळून, कोणता येईल ते माहीत नाही. शेवटी सामन्यासारखी परीक्षा घेतली. ओळीनं सराव केलेल्यांची सुधारणा २५ टक्के, आणि मिसळून केलेल्यांची ५७ टक्के. चेंडू तेवढेच, वेळ तेवढाच.

असं का होतं? एकच फटका सलग मारला की डोकं काम थांबवतं. मागचंच पुढं ढकलत राहतं. फटका बदलला की दरवेळी नव्यानं जुळणी करावी लागते, कुठं बघायचं, किती जोर लावायचा. ही जुळणी करण्याची मेहनतच अंगात मुरते. दिसायला मात्र हा सराव वाईट दिसतो. चुका जास्त होतात. बांधावरून बघणाऱ्या आईला वाटतं, काल बरं करत होती, आज काय झालं हिला?

आता भाकरीकडे येऊ. आपल्याला भाकरी कशी आली? कुणी एकाच पिठाच्या, एकाच तव्यावर, हजार भाकऱ्या करून घेतल्या नाहीत. कधी ज्वारी, कधी बाजरी. कधी ताजं दळण, कधी विरी गेलेलं पीठ, थापता थापता कडेनं तुटणारं. कधी चुलीचा जाळ मोठा, कधी ओलं सरपण. माहेरची परात वेगळी, सासरची वेगळी. दरवेळी पाण्याचा अंदाज नव्यानं घ्यावा लागला, म्हणून आज कुठल्याही घरी, कुठल्याही पिठाची भाकरी आपण थापू शकतो. हे शिकताना किती भाकऱ्या मोडल्या ते आपण विसरलो. पोरीच्या मोडलेल्या भाकऱ्या मात्र लगेच मोजतो.

यावर कॅनडातला एक छोटा प्रयोग आम्हाला फार आवडला. केर आणि बूथ यांनी १९७८ साली आठ वर्षांच्या पोरांना धान्याच्या पुरचुंडीसारख्या पिशव्या नेमावर टाकायला शिकवल्या. काही पोरं तीन फुटांवरच टाकायची. बाकीची पोरं कधी दोन फुटांवर, कधी चार फुटांवर टाकायची, तीन फुटांवर त्यांनी कधीच टाकली नाही. बारा आठवड्यांनी परीक्षा घेतली ती तीन फुटांवरची. जिंकली कोण? ज्यांनी तीन फुटांवर एकदाही सराव केला नव्हता ती.

पण इथं एक खरं सांगायला हवं, नाहीतर तुम्ही उद्या पोरींचा सगळाच सराव उलटापालटा कराल. प्रत्येक प्रयोगात इतका मोठा फरक दिसलेला नाही. लहान पोरांत आणि प्रत्यक्ष मैदानावर तो पुष्कळदा कमी दिसतो. शिवाय अगदी कोरी पोर असेल, तर आधी हालचाल ओळखीची होईपर्यंत तीच ती करू द्यावी. थोडी जमू लागली की मिसळायला घ्यावं. खो-खोच्या पोरींनी एक दिवस नुसता खो द्यायचा, एक दिवस नुसता खांब वळायचा, एक दिवस नुसता सूर मारायचा, असं न करता एका तासात तिन्ही फिरवून करावं. भरतीच्या पोरींनी पाच फेकी गोळ्याच्या, मग धावण्याची दोन सुरुवाती, मग पुन्हा गोळा, असं करावं. गोळा उचलताना प्रत्येक वेळी पहिल्यांदाच उचलतोय असं व्हायला हवं. भरतीच्या दिवशी तसंच असतं.

तिसरी गोष्ट, पोरीनं लक्ष कुठं द्यायचं? जर्मनीच्या गॅब्रिएल वुल्फ या बाईंची ही हकीगत आहे. त्या पाण्यावर शिडाच्या फळीवर उभं राहून जाण्याचा खेळ शिकत होत्या. पायाकडे लक्ष दिलं की तोल जायचा, फळीच्या कलण्याकडे लक्ष दिलं की जमायचं. यावरून त्यांनी सहकाऱ्यांबरोबर प्रयोग केला, तो १९९८ साली छापून आला. चाकांवर डावी-उजवीकडे सरकणारा एक पाट होता, त्यावर उभं राहून झोके घ्यायचे. काहींना सांगितलं, आपल्या पायानं जोर देण्याकडे लक्ष द्या. काहींना सांगितलं, पायाखालच्या चाकांकडे लक्ष द्या. पाय आणि चाक यांत अंतर ते किती? पण चाकांकडे लक्ष देणाऱ्यांचं शिकणं जास्त पक्कं झालं.

२०१० साली जागेवरून लांब उडी मारण्यावर असाच प्रयोग झाला. काहींना सांगितलं, गुडघे जितक्या जोरात सरळ करता येतील तितके करा. बाकीच्यांना सांगितलं, रेघेपासून जितकं लांब जाता येईल तितकं जा. दुसऱ्या गटाची उडी सरासरीनं सुमारे १० सेंटिमीटर लांब पडली. फरक फक्त एका वाक्याचा होता.

आता आपल्या मैदानावर काय चालतं ते आठवा. "कोपर वर घे! पाय वाकव! मान कुठं चाललीय? खांदा, खांदा!" पोर बिचारी आपल्याच अंगाचे भाग मोजत बसते आणि गोळा हातातच राहतो. त्यापेक्षा फक्कीची एक रेघ मारा आणि सांगा, "त्या रेघेपलीकडे ढकल." मापाला उंच दोरी बांधा आणि सांगा, "दोरीवरून जाऊ दे." गोळा दोरीवरून न्यायचा म्हटलं की हात आपोआप वर जातो. मात्र एक सांभाळा. गोळा हा चेंडूसारखा भिरकावायचा नसतो, मानेजवळून ढकलायचा असतो, नाहीतर खांदा-कोपर दुखावतं. हे पहिलं शिक्षण जाणत्या माणसाकडूनच घ्यावं. आणि खांदा दुखत असेल तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवावं. रेघ आणि दोरी त्यानंतर.

चौथी गोष्ट आपल्या जिभेची आहे. कॅरोली विन्स्टाइन या अमेरिकन बाईंनी रिचर्ड श्मिट यांच्याबरोबर १९९० साली एक प्रयोग छापला. हातानं एक दांडा ठरावीक तऱ्हेनं हलवायला शिकायचं होतं. एका गटाला प्रत्येक प्रयत्नानंतर सांगितलं, की कितपत बरोबर आलं. दुसऱ्या गटाला निम्म्या वेळाच सांगितलं, सुरुवातीला जास्त, पुढं कमी कमी. दुसऱ्या दिवशी कुणालाच काही न सांगता परीक्षा घेतली, तेव्हा निम्म्या वेळा सांगितलेला गट सरस ठरला. कारण सोपं आहे. दरवेळी कुणी सांगणारं असलं की आपण स्वतः तपासायचं सोडून देतो. ऐन परीक्षेत सांगणारं कुणी नसतं, मग हात आंधळा होतो. दुसऱ्या काही प्रयोगांत शिकणाऱ्यालाच विचारलं, की तुला कधी सांगू? ज्यांनी हवं तेव्हाच मागून घेतलं, त्यांचंही शिकणं जास्त टिकलं.

म्हणून आम्ही मैदानावर एक नियम केलाय. फेक झाली की बाकीच्यांनी गप्प बसायचं. पोरीनं आधी स्वतः सांगायचं, "ही गेल्या वेळेपेक्षा पुढं गेली" किंवा "या वेळी हात लवकर सुटला." मग टेपानं मोजायचं. तिनं विचारलं तर सांगायचं. पहिले काही दिवस हे फार जड गेलं. पोरींना नाही हो, आम्हालाच. बोलल्याशिवाय आम्हाला राहवत नव्हतं.

पाचवी गोष्ट झोप. २००२ साली अमेरिकेत मॅथ्यू वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना डाव्या हाताच्या बोटांनी ठरावीक क्रमानं कळा दाबायला शिकवलं. सकाळी शिकून त्याच दिवशी रात्री तपासलं, तर फारसा फरक नाही. पण रात्रीची झोप झाल्यावर वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढलेला, मध्ये काहीही सराव न करता. पुढं काही शास्त्रज्ञांनी म्हटलं, की त्यातला काही भाग नुसता थकवा गेल्यामुळं असेल. तसं असलं तरी थकवा जायलाही झोपच लागते ना?

इथं आपण जरा घराकडे बघू. पोरगा भरतीची तयारी करत असेल तर घर म्हणतं, "झोपू दे त्याला, दमलाय." पोरगी तयारी करत असेल तर रात्रीची भांडी तिची, पहाटेचं पाणी तिचं, शेणही तिचंच. मग मैदानावर तिचा गोळा अलीकडे पडला, की आपण म्हणतो तिच्यात दम नाही. आम्ही कुणाला नावं ठेवत नाही. आमच्याही घरी हेच होतं. पण सरावाचा एक तास तिनं मैदानात घातला आणि रात्रीची झोप आपण काढून घेतली, तर त्या तासातलं बरंच आपणच परत घेतलं म्हणायचं.

हे सगळं आम्ही पुढच्या बैठकीत मांडलं. काकूंना आम्ही एवढंच म्हटलं, "काकू, रविवारच्या शिबिरात गोळा पार गेला, तेव्हा तुम्ही खूश झालात. पण तो तापलेला हात होता. पोरीत कमी आहे की सरावात, ते आपण अजून तपासलंच नाही. पुढच्या भरतीपर्यंत तपासू. स्थळाचं त्यानंतर ठरवा." काकू लगेच हो म्हणाल्या नाहीत. दोन बैठका गेल्या. मग एक दिवस त्यांनीच विचारलं, "संध्याकाळी तिच्या वाटणीची धार कोण काढणार?" तेव्हा आम्हाला कळलं की खरी अडचण ही होती. खेळ जमतो की नाही हा प्रश्न नंतरचा, तासभर पोरीला मोकळं कोण करणार हा आधीचा. गटातल्या शेजारणींनी पाळी लावून घेतली. आज या घरची धार ती काढते, उद्या त्या घरचं पाणी ही भरते. त्यात कुणाला पैसे नाहीत, नुसती पाळी.

मैदानासाठी एक वही केली, बचतीच्या वहीसारखीच. त्यात सरावातली सर्वांत लांब फेक लिहायची नाही. दर सोमवारी, अंग मोकळं करून झाल्यावरच्या पहिल्या तीन फेकी लिहायच्या, कशाही पडोत. भरतीच्या दिवशी जो हात असेल, त्याच्या जवळचा हाच हात. सुरुवातीचे आकडे बघून पोरींची तोंडं उतरली. शिबिरातल्या आकड्यांपेक्षा ते फार कमी होते. पण निदान खरे होते. महिना-दीड महिना ते जागचे हलले नाहीत. मग हळूहळू सरकायला लागले, चार बोटं, मग वीतभर. काकूंची लेक पुढच्या भरतीला उतरणार आहे. ती लागेल की नाही हे आम्ही सांगू शकत नाही. तिथं जागा मोजक्या आणि पोरी हजारो असतात. पण आता तिचा सोमवारचा आकडा तिला स्वतःला माहीत आहे. मागच्या वेळी तेवढंही माहीत नव्हतं.

परवा काकू मैदानावर आल्या होत्या. लेकीच्या दोन फेकी अलीकडे पडल्या. काकूंनी तोंड उघडलं, आमच्याकडे बघितलं, आणि मिटलं. लेक म्हणाली, "आई, पायच आधी थांबला माझा." तिसरी फेक रेघेवर पडली. काकू म्हणाल्या, "वहीत तिन्ही लिहा."

तर मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या बैठकीत पाच गोष्टी बोलायला घ्या. एक, गावातल्या कोणत्या पोरींना रोजचा एक तास मैदान मिळू शकेल, आणि त्या तासाचं घरचं काम कोण वाटून घेईल. दोन, हालचाल ओळखीची झाली की सराव मिसळून करायचा, आणि चुका वाढल्या म्हणून घाबरायचं नाही. तीन, फक्कीची रेघ, बांधलेली दोरी, असं बाहेरचं काहीतरी पोरीच्या डोळ्यांपुढं ठेवायचं. चार, प्रत्येक प्रयत्नावर बोलायचं नाही, आधी तिला बोलू द्यायचं. पाच, रात्रीची झोप सरावातच धरायची. या सगळ्याला खर्च किती? फक्कीची एक पिशवी, एक दोरी, एक टेप आणि एक वही.

आणि कुणी म्हणालं की खेळ आपल्या घराण्यात नाही, तर त्यांना विचारा, भाकरी तरी आपल्या घराण्यात कुणाला जन्मतः येत होती?

तुमच्या गावच्या मैदानावर काय घडतंय ते आम्हाला नक्की कळवा. आज एवढंच. तव्यावरची भाकरी उलटा आता. नमस्कार.